आमच्या मंडळीत उपदेश परत आला त्याची हकीकत

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्ह्याच्या बाजूच्या एका गावातली. मी मूळची नगरकडची. लग्न होऊन इकडे आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि गेली काही वर्षं ज्या रविवारी पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, दुसऱ्या गावी असतात त्या रविवारी चर्चमध्ये उपदेश करते. हे लिहून काढा म्हणून काही जण मागे लागले होते. त्यातले बहुतेक अशा गावांतले, जिथं चर्चची इमारत धड आहे पण दाराला कुलूप आहे. त्यांच्यासाठी लिहितेय.

मंडळी मोडकळीला आली होती म्हणजे काय, ते आधी सांगते. इमारत मिशनच्या काळातली, दीड हात जाडीच्या भिंतींची. वर कवेलू होते, ते काढून पत्रे टाकलेले. बाकं शंभरेक माणसांना पुरतील एवढी आणि रविवारी माणसं पंधरा-वीस, त्यात निम्म्या म्हाताऱ्या बाया. शिकलेली पोरं नागपूर-पुण्याला. उपासनेची वेळ साडेदहा, पण घंटा अकराला व्हायची आणि माणसं त्याच्याही नंतर यायची. कंपाउंडच्या जागेच्या हिशेबावरून दोन घराण्यांचं बोलणं बंद होतं; एक घराणं डावीकडच्या बाकांवर बसायचं, दुसरं उजवीकडच्या. नवीन माणूस आला तर तो कुठं बसतो यावरून तो कोणाचा हे ठरायचं. नाताळला मात्र चर्च भरायचं. पुण्याची पोरं यायची, फोटो काढायची, खिचडी खाऊन परत जायची.

जुनी माणसं सांगतात की पूर्वी असं नव्हतं. विदर्भात प्रॉटेस्टंट मिशनचं काम रुजलं ते स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले तेव्हापासून. वऱ्हाडात मिशनं पसरली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. 1896-97 आणि 1899-1900 हे दोन दुष्काळ लागोपाठ पडले. मिशनांनी अनाथ लेकरं सांभाळली, आणि आमच्या मंडळीतल्या दोन-तीन घरांचं मूळ त्या लेकरांपर्यंत जातं. पुढे 1953 मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक तयार करणारी शाळा, सुरू झाली. तिथले विद्यार्थी शनिवारी एस.टी.नं गावोगाव यायचे, कोणाच्या तरी घरी भाकर खायचे आणि रविवारी उपदेश करायचे. आमच्या एका काकाजींना अजून आठवतं की केरळचा एक विद्यार्थी मोडक्या मराठीत उधळ्या पुत्राची गोष्ट सांगायचा आणि बापाचं धावत येणं स्वतः पळून दाखवायचा. 1983 मध्ये सेमिनरी पुण्याला गेली आणि हे येणंजाणं थांबलं. त्यांनी नेलं ते बरोबरच केलं असेल, पण आमच्याकडचा शनिवार रिकामा झाला तो झालाच.

त्यानंतर उपदेश दोन प्रकारचे उरले. एक झोडपणारा: तुम्ही देत नाही, तुम्ही येत नाही, तुमची पोरं सिनेमे पाहतात. जे आलेत त्यांनाच हे ऐकावं लागायचं, न येणारे घरी सुखात. दुसरा आशीर्वादाचा: हे वर्ष तुझं आहे, बंद दारं उघडतील. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातल्या 29 व्या अध्यायातलं 11 वं वचन, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत असं जे आहे, ते आमच्याकडे घराघरात कॅलेंडरवर टांगलेलं असतं. त्याच्या वरचंच वचन म्हणतं की आधी बाबेलात, बंदिवासात, सत्तर वर्षं काढावी लागतील. ते मी कोणत्याच कॅलेंडरवर पाहिलं नाही. कापूस भिजला, बोंडअळी आली, सोसायटीचं कर्ज थकलं, तरी दर जानेवारीला नवं वर्ष आशीर्वादाचं. माणसं हुशार असतात. ती वाद घालत नाहीत, फक्त यायचं थांबतात.

आमच्या पाळकसाहेबांकडे आणखी तीन गावं होती. महिन्यातल्या एका रविवारी ते प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीसाठी, यायचे. बाकीच्या रविवारी गाणी, प्रार्थना, आणि कोणीतरी एखादा अध्याय वाचून खाली बसायचं. एकदा त्यांनी मला म्हटलं, "बाई, शाळेत रोज पाच तास बोलता, रविवारी वीस मिनिटं बोला." मी टाळत होते. पंचांतल्या एकांनी तर सरळ सांगितलं की बाईमाणसानं वेदीजवळ उभं राहून बोलणं शास्त्रात बसत नाही. पाळकसाहेबांनी त्यांना विचारलं, मग तुम्ही बोलता का? ते गप्प राहिले. माझी नेमणूक अशी झाली.

यवतमाळला उपदेश कसा तयार करायचा याचा एक छोटा वर्ग भरला होता, तिथं पाळकसाहेबांनी मला पाठवलं. शिकवणारे एक निवृत्त गृहस्थ होते, फार मोजकं बोलणारे. त्यांनी दोन माणसांची माहिती सांगितली ती माझ्या लक्षात राहिली. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावी रिचर्ड बॅक्स्टर नावाचे पाळक होते. ते आठवड्यातले दोन दिवस एकेका कुटुंबाशी बसून बोलण्यात घालवायचे आणि वर्षभरात आठशेच्या आसपास घरं पुरी करायचे. त्यांचं म्हणणं असं की वर्षानुवर्षं उपदेश ऐकून जे डोक्यात शिरलं नाही ते कित्येकांना अर्ध्या तासाच्या जवळच्या बोलण्यातून समजलं. दुसरे केंब्रिजचे चार्ल्स सिमियन. 1782 मध्ये त्यांना होली ट्रिनिटी चर्चमध्ये नेमलं तेव्हा मंडळीला ते नकोच होते. लोकांनी आपापल्या बाकांना कुलपं लावली आणि स्वतः यायचं बंद केलं. ऐकायला येणारे मधल्या वाटेत उभे राहायचे. सिमियन पुस्तकामागून पुस्तक उलगडत राहिले, 1836 मध्ये मरेपर्यंत त्याच चर्चमध्ये.

वर्गातला खरा नियम एकच होता. एक पुस्तक घ्यायचं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत क्रमानं जायचं, आणि आजचा उतारा काय म्हणतो ते एका वाक्यात सांगता येईपर्यंत पुढचं काही लिहायचं नाही. मधलं अडचणीचं वचन वगळायची मुभा नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून पाहा.

मी बायबलमधलं रूथचं पुस्तक घेतलं. लहान आहे, चार अध्याय, पंच्याऐंशी वचनं. दुष्काळानं सुरू होतं, कुटुंब पोटासाठी गाव सोडतं, घरातले तिन्ही पुरुष मरतात, सासू-सून रिकाम्या हातानं परततात, आणि सून, म्हणजे रूथ, दुसऱ्याच्या वावरात सरवा वेचायला जाते. यात आमच्याकडच्यांना समजावून सांगण्यासारखं काय आहे? सोयाबीन काढून झालं की धुऱ्याधुऱ्यानं शेंगा वेचणाऱ्या बाया आमच्याच मंडळीतल्या. कपाशीची उलंगवाडी झाली की उरलीसुरली बोंडं गोळा करणाऱ्याही त्याच.

उपदेश घरी बसून लिहिण्याआधी मी एक केलं, आणि माझ्या मते जे काही घडलं त्याचं मूळ त्यातच आहे. बुधवारी संध्याकाळी आमच्या छपरीत चार-पाच बायांना बोलावलं. सगळ्या वेचणीहून आलेल्या; बोटांच्या पेरांना सुकलेल्या बोंडांची टोकं लागून चिरा पडलेल्या. एकीनं हळद-तेल लावून बोट चिंधीत बांधलं होतं आणि त्याच बोटानं ती ओळ धरून वाचत होती. येत्या रविवारचा उतारा आम्ही मोठ्यानं दोनदा वाचला. मी काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं, यात तुम्हाला काय दिसतं?

दुसऱ्या अध्यायात वावराचा मालक बवाज रूथला सांगतो की माझ्या मुलींच्या मागेच राहा, तुला हात लावायचा नाही असं मी गड्यांना बजावलं आहे. मी हे वचन लहानपणापासून वाचलेलं. बवाज किती सज्जन, एवढंच मला कळलेलं. चिंधीवाली बाई लगेच म्हणाली, "बजावा लागलं म्हंजे हात लावतच असतील ना बाई लोकं. एकटी बाई वावरात दिसली का कोन सोडते?" बाकीच्यांनी माना हलवल्या. मग पुढे बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मूठ मूठ मुद्दाम तिच्यासाठी टाकत चला, आणि संध्याकाळी रूथ झोडपून मोजते तेव्हा एफाभर सातू भरतात. एफा म्हणजे साधारण बावीस लिटरचं माप, हे मी सांगितलं. तेवढ्यावर एका म्हातारीनं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "सरव्याचं एवढं येका दिवसात येतच नाई. तिले कळलं असन ना कोनी टाकून रायलं म्हनून." मी टीकाग्रंथ चाळले होते. या म्हातारीइतकं नेमकं मला त्यांत कुठं सापडलं नव्हतं.

रविवारी मी हे त्यांच्याच शब्दांत सांगितलं, आणि कोणी सांगितलं तेही सांगितलं. उपदेशात आपलं नाव ऐकून ती म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. पुढच्या बुधवारी छपरीत जागा पुरली नाही.

माझी भाषाही बदलत गेली. नगरकडची, त्यात शाळेतली आणि बायबलमधली मराठी एकत्र झाली की ते एक वेगळंच रसायन होतं. आमच्याकडे गाणं फार पूर्वीच आपलं झालेलं आहे. नारायण वामन टिळक 1919 मध्ये गेले, त्यांची पदं आम्ही अजून टाळ-ढोलकीवर म्हणतो आणि शाळेत न गेलेल्या बायांनाही ती पाठ आहेत. पण गाणं संपून उपदेश सुरू झाला की साहेब आल्यासारखा सगळ्यांचा आवाज बदलायचा. "प्रियजनहो" म्हटलं की मागच्या बाकावरचे काकाजी डोळे मिटायचे. मी "प्रियजनहो" सोडलं. वऱ्हाडी मला नीट बोलता येत नाही, उगाच बोलले तर पोरं हसतात, म्हणून ते सोंगही केलं नाही. फक्त वाक्यं लहान केली, आणि वेदीवरून खाली उतरून बाकांच्या मधल्या वाटेत उभी राहिले. पावसाळ्यात त्याचा आणखी फायदा झाला. पत्र्यावर पाऊस कोसळला की वेदीवरचं कोणालाच ऐकू येत नाही. तेव्हा आम्ही थांबतो, एखादं पद म्हणतो, पाऊस कमी झाला की पुढे. पत्र्याखाली उपदेश करणाऱ्या कोणत्याही माणसाला उपदेशाच्या पुस्तकात नसलेलं हे एक प्रकरण शिकावं लागतं.

पहिल्या अध्यायाचा शेवट मला सगळ्यात जड गेला. रूथची सासू नामी परत येते तेव्हा गावातल्या बायांना म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणजे कडू म्हणा. मी भरलेली गेले, परमेश्वरानं मला रिकामी आणलं. आमच्या मंडळीत एक विधवा आहे. तिच्या नवऱ्यानं नापिकी आणि कर्जापायी आपला जीव दिला. मातीला लोक गेले, पण गाणं कोणी म्हटलं नाही. तसं मरण हे पाप, मग गायचं कसं, असं कोणीतरी कुजबुजलं होतं. त्यानंतर तिच्यासमोर त्याचं नाव कोणी घेत नसे. ती चर्चला यायची, दाराजवळ बसायची आणि आशीर्वचन व्हायच्या आत उठून जायची.

त्या रविवारी मी नवऱ्याचा विषय काढला नाही. उतारा जे म्हणतो तेवढंच सांगितलं: नामी देवाबद्दल कडू बोलते, भर गावात बोलते, आणि पुस्तक तिला एका शब्दानंही रागे भरत नाही. ना कोणी शेजारीण तिला विश्वास धर म्हणते, ना आकाशातून आवाज येतो. पुढचा अध्याय सरळ सरव्याकडे जातो. हेही दाखवलं की रिकामी आले असं ती म्हणते तेव्हा रूथ तिच्या शेजारीच उभी आहे, आणि दुःखात आपल्याला शेजारचं माणूस दिसत नाही. त्या दिवशी ती आशीर्वचनापर्यंत बसली. बुधवारी छपरीत आली आणि कोणी न विचारता नवऱ्याबद्दल बोलायला लागली. त्याला आंबाडीची भाजी किती आवडायची, इथपासून शेवटच्या दिवसापर्यंत. दुसऱ्या घराण्यातली एक बाई, जिच्याशी या बाईच्या सासरचं बोलणं बंद होतं, तिचा हात धरून बसली होती. त्या बुधवारी आमचं वाचन झालंच नाही.

सगळं असंच गोड झालं असतं तर मी लिहायला कचरले असते. रूथ मवाबी, म्हणजे परक्या मवाब देशातली आहे, ही गोष्ट पुस्तक सारखी सारखी बजावतं. मवाबी माणसानं दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत येऊ नये असं बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात लिहिलेलं, आणि इथं एक मवाबी बाई दावीद राजाच्या आजोबाची आई होते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर येशूच्या वंशावळीत तिचं नाव आहे. चौथा अध्याय सांगताना हे टाळता येण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे एका घरात कोलाम या आदिवासी समाजातली सून आली होती. बाप्तिस्मा झालेला, लग्न चर्चमध्ये लागलेलं, तरी कापणीच्या सणाच्या जेवणात तिला चुलीपाशी येऊ देत नसत. ख्रिस्ती झालो म्हणून जात गेली असं आम्ही बाहेरच्यांना सांगतो. आत काय चालतं ते ज्याचं त्याला ठाऊक असतं. मी तिचं नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं की रूथ आज आपल्याकडे आली तर ती भाकरी थापू शकेल का?

एक घर त्या दिवसापासून यायचं बंद झालं. जाताना त्या घरच्या कर्त्यांनी पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं की बाई व्यासपीठावरून टोमणे मारतात. पाळकसाहेबांनी माझी वही मागवून वाचली आणि उताऱ्याबाहेरचं यात काही नाही असं त्यांना कळवलं. ते घर अजून परत आलेलं नाही. त्यांचा मोठा मुलगा कधीमधी येतो, मागे उभा राहतो.

दुसरी तक्रार वेगळी होती. "ही तं गोष्टच झाली, उपदेश कुठी हाय?" असं पंचांतले एक जण म्हणायचे. त्यांना आवाज चढलेला हवा होता. तालुक्याला मोठ्या सभा होतात, की-बोर्ड असतो, आजारी माणसांना पुढे बोलावतात. आमचे काही तरुण तिकडे जायचे, आजही जातात. मी त्यांना अडवलं नाही. त्यातला एक परत आला तो मात्र उपदेशासाठी आला असं म्हणवत नाही. त्याला पुढे काय होतं ते ऐकायचं होतं. शुक्रवारी कृषी केंद्रात खतं विकता विकता त्यानं मला विचारलं होतं, "बवाज लग्न करते का मग?" मी म्हटलं, रविवारी ये. मालिकेचा पुढचा भाग चुकू नये तशी ती ओढ, पण मला ती चालते. क्रमानं पुस्तक सांगण्याचा हा फायदा वर्गात कोणी सांगितला नव्हता.

रूथनंतर पंचांनीच सुचवलं की हाग्गय या संदेष्ट्याचं पुस्तक घ्या. त्यामागचा हेतू माझ्या लक्षात आला होता. पत्रे गळत होते आणि हाग्गयच्या पहिल्या अध्यायात लोक तक्तपोशीच्या घरांत राहतात आणि यरुशलेमचं मंदिर ओसाड पडलंय, असं आहे. वर्गणी गोळा करायची असली की आमच्याकडे हाच उतारा निघतो. मी होकार दिला, पण सगळं पुस्तक सांगणार या अटीवर. सगळं म्हणजे अडतीस वचनं.

हाग्गय वाचताना मला नवल वाटलं ते तारखांचं. इसवी सनापूर्वी 520, दारयावेश राजाचं दुसरं वर्ष. पहिला संदेश सहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, आणि त्याच महिन्याच्या चोविसाव्या दिवशी लोक कामाला लागलेले. दुसरा संदेश सातव्या महिन्याच्या एकविसाव्या दिवशी, मांडवांच्या सणात, म्हणजे पीक घरात आल्यावरच्या दिवसांत. शेवटचे दोन नवव्या महिन्यात, एकाच दिवशी. चार महिन्यांत चार छोटे संदेश, इतकीच या संदेष्ट्याची नोंद. आणि लोक ऐकायला लागल्यावर देव पहिलं जे बोलतो ते वर्गणीबद्दल नाही. "मी तुमच्याबरोबर आहे" एवढंच बोलतो.

छपरीत आता पुरुषही यायला लागले होते. पहिल्या अध्यायातलं सहावं वचन, पुष्कळ पेरता आणि थोडं घरी आणता, मजुरी मिळते ती भोक पडलेल्या पिशवीत जाते, हे वाचून एक कास्तकार म्हणाले, "हे तं आमच्या कृषी केंद्राच्या बिलावर छापा." सगळे हसले, कृषी केंद्रातला पोरगाही हसला. पण चर्चा खरी पेटली ती दुसऱ्या अध्यायावर. या मंदिराचं पहिलं वैभव पाहिलेलं तुमच्यात कोण उरलंय, आताचं तुम्हाला कसं दिसतं, काहीच नाही असं वाटतं ना, असं हाग्गय म्हाताऱ्यांना विचारतो. आमच्या काकाजींनी चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हंजे आमालेच बोलून रायला हा." मिशनच्या काळात असं होतं, साहेब होते तेव्हा दवाखाना होता, गाडी होती, दर रविवारी चर्च भरायचं. हे ऐकत ऐकत आमची तरुण पोरं मोठी झाली, आणि आपण करू ते कमीच असणार हे त्यांनी धरूनच ठेवलं. माझं मत विचाराल तर आमच्या मंडळीला पैशाच्या टंचाईपेक्षा या आठवणींनी जास्त बसवलं. हाग्गय त्या म्हाताऱ्यांना खोटं पाडत नाही, पण रडतही बसू देत नाही. धीर धरा आणि काम करा म्हणतो.

त्या रविवारनंतर पंचांच्या बैठकीत काकाजींनीच मागणी केली की पत्र्यांची वर्गणी मागण्याआधी मागचे हिशेब मंडळीसमोर वाचा. कंपाउंडच्या जागेचंही वाचा. दोन्ही घराण्यांना ते नको होतं. वाचले गेले. त्यात कोणी चोर निघाला नाही. पावत्या हरवलेल्या, नोंदी अर्धवट, आणि संशयावर काढलेली बरीच वर्षं. दोन्ही घराणी गळ्यात गळे घालून रडली वगैरे काही झालं नाही. डावीकडचे डावीकडेच बसतात. पण प्रभुभोजनाला आता रांग एकच असते, आणि पत्र्यांच्या कामावर दोन्हीकडची पोरं शिडी धरायला होती.

आकडा विचारणाऱ्यांसाठी सांगते: पेरणीच्या आणि वेचणीच्या भरात पंचवीस-तीस, एरवी चाळीसच्या आतबाहेर. शंभराची बाकं अजून भरत नाहीत आणि भरतील असं मला वाटत नाही. तेवढी ख्रिस्ती माणसं आता गावात नाहीतच. पाळकसाहेबांना मात्र दुसराच बदल मोठा वाटतो. त्यांना लोक आता फोन करून विचारतात की या वचनात अमुक का म्हटलंय. पूर्वी फोन यायचा तो दाखल्यासाठी किंवा भांडणासाठी.

सध्या मार्कचं शुभवर्तमान चालू आहे आणि उपदेश आम्ही तिघं आळीपाळीनं करतो: मी, पूर्वी "उपदेश कुठी हाय" विचारणारे ते पंच, आणि कृषी केंद्रातला पोरगा. तो अडखळत वाचतो, मोठे शब्द आले की थांबतो, आणि मंडळी त्याला शब्द पुरवते. या आठवड्यात त्याच्याकडे पाचवा अध्याय आहे. गरसेकरांच्या प्रदेशात येशू एका भूतग्रस्ताला बरं करतो, भुतं डुकरांत शिरतात आणि सुमारे दोन हजार डुकरं समुद्रात बुडतात. बुधवारी छपरीत यावरून नुसता गोंधळ झाला. आमच्याकडे रानडुकरांनी तूर-हरभरा लोळवून टाकलाय, त्यामुळे अर्ध्या लोकांचं म्हणणं, बुडाली ते बरंच झालं. काकाजी मात्र अडून बसले: डुकरं कोणाची तरी पाळलेली होती, त्याची नुकसानभरपाई कोनं देल्ली? आणि मालकांनी येशूला आमच्या भागातून जा म्हणून विनवलं, त्यात त्यांचं चुकलं काय?

रात्री पोराचा फोन आला. म्हणाला, काकाजी भर उपासनेत उभं राहून विचारतील, काय सांगू? मी त्याला म्हटलं, बरा झालेला माणूस शुद्धीवर येऊन कपडे घालून बसलाय ते लोकांनी पाहिलं, आणि तरी ते हिशेब डुकरांचाच करतात. ती दोन वचनं पुन्हा वाच. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वनखात्याचा पंचनामा होते ना, बाई, तिथूनच सुरू करतो."